कोळ्याच्या विषाला ठाऊक असलेली दारं

१९३३ सालचा नोव्हेंबर महिना. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन ब्लेअर यांनी ‘ब्लॅक विडो’ जातीची एक मादी चिमट्यात धरली, आपल्या बोटावर टेकवली आणि तिला चावू दिलं. सुमारे दहा सेकंद. काळाभोर चकचकीत देह, पोटाखाली डमरूच्या आकाराची लाल खूण, आणि आकार असा की आख्खी मादी बोटाच्या पेरावर मावावी. एवढ्याशा जिवाच्या चाव्याने धडधाकट माणूस खरोखर आजारी पडतो का, याविषयी त्या काळी अनेक डॉक्टरांच्या मनात शंका होती. १९२२ मध्ये आर्कान्सा विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ विल्यम बेअर्ग यांनीही स्वतःला असंच चावून घेतलं होतं आणि त्यांना रुग्णालयात राहावं लागलं होतं. ब्लेअर यांना त्यापुढची, अधिक बारकाईची नोंद हवी होती. नाडी, श्वास, रक्तदाब, वेदना कुठे सुरू होते आणि कुठे सरकते, सगळं.

नोंद मिळाली, पण ती फार महागात पडली. बोटाला फारसं काही दिसत नव्हतं. कळ मात्र हातातून वर चढली, काखेत गेली, छातीत आणि पोटात उतरली, मग पायांत. पोटाचे स्नायू कडक झाले, श्वास घेणं कठीण झालं, अंगाला दरदरून घाम सुटला. दोनेक तासांत त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. गरम पाण्यात बसवलं की थोडा उतार पडे, बाहेर काढलं की पुन्हा तेच. काही दिवसांनी ते बरे झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ही सगळी हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

ही हकिकत वाचताना माझं लक्ष वेदनेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर खिळतं. या विषाने मांस कुजवलं नाही, रक्त गोठवलं नाही, चाव्याच्या जागी मोठी जखमही केली नाही. शरीरात गेलेलं विष एका मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाएवढं. तरीही ते पायाच्या पोटरीपासून छातीपर्यंतच्या स्नायूंना हुकूम देऊ लागलं. म्हणजे ते शरीर तोडत नव्हतं, चालवत होतं. चेता आणि स्नायू यांच्यात जी यंत्रणा आधीपासून आहे, तिची नेमकी कळ कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. माणसाला स्वतःच्या शरीरातली ती कळ सापडायला त्यानंतर कित्येक दशकं लागली. आणि ती सापडण्यात या विषाचाच मोठा वाटा आहे.

मिलिमीटरच्या वीस-हजाराव्या भागाएवढी फट

तुम्ही हे पान उलटता तेव्हा मेंदूतून निघालेला संदेश चेतातंतूमधून विजेच्या रूपात हातापर्यंत धावतो. पण चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांमध्ये एक फट असते, सुमारे ५० नॅनोमीटरची. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. वीज ही फट ओलांडत नाही. तिथे संदेशाला वाहन बदलावं लागतं आणि हे नवं वाहन म्हणजे एक रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन.

हे रसायन चेतातंतूच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये भरून तयार ठेवलेलं असतं. एकेका पिशवीत त्याचे हजारो रेणू. विद्युतसंदेश टोकाशी पोहोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि त्या क्षणी काही पिशव्या पेशीच्या कडेला मिसळून फुटतात. अ‍ॅसिटिलकोलीन फटीत पडतं, पलीकडे स्नायूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं त्याला ओळखतात, तिथे नवा विद्युतसंदेश उमटतो आणि स्नायू आकसतो. लगेच एक विकर येऊन उरलेलं अ‍ॅसिटिलकोलीन तोडून टाकतं, म्हणजे जागा पुढच्या संदेशासाठी मोकळी. हे सगळं काही हजारांश सेकंदांत आटोपतं. दिवसभरात आपल्या शरीरात हा व्यवहार किती वेळा होतो, याची मोजदाद करणंही अवघड आहे. पापणी लवणं, गिळणं, श्वासाबरोबर श्वासपटल खाली-वर होणं, सगळं याच फटीवर अवलंबून.

पिशव्यांची ही कल्पना आज शाळेच्या पुस्तकातही सापडते. ती सिद्ध कशी झाली, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. १९५०च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्नार्ड कॅट्झ आणि पॉल फॅट बेडकाच्या स्नायूमधली वीज मोजत होते. चेतातंतूला काहीही चेतना दिलेली नसताना, स्नायू अगदी स्वस्थ असताना, त्यांच्या उपकरणावर मधूनच एक इवलीशी उसळी उमटे. साधारण अर्ध्या मिलिव्होल्टची. पुन्हा थोड्या वेळाने दुसरी, जवळजवळ तेवढीच. या उसळ्या अर्ध्या किंवा पाव आकाराच्या नसत. यावरून कॅट्झ यांनी ओळखलं की रसायन थेंबाथेंबाने पाझरत नाही, ते ठरावीक मापाच्या पुड्यांमधूनच बाहेर पडतं. स्वस्थ अवस्थेत एखादी पुडी चुकून सुटते, खरा संदेश आला की पुष्कळ पुड्या एकदम सुटतात. या कामासाठी कॅट्झ यांना १९७०चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेतातंतूच्या टोकाशी गोल पिशव्याही दिसल्या होत्या. पण उपकरणावरची पुडी आणि सूक्ष्मदर्शकातली पिशवी ही एकच गोष्ट आहे, हे कसं दाखवायचं? पिशव्या सगळ्याच्या सगळ्या रिकाम्या करून बघता आल्या असत्या तर काम झालं असतं. माणसाच्या हाती असं कुठलंही साधन नव्हतं. ब्लॅक विडोकडे ते होतं.

वादळ आणि त्यानंतरची शांतता

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले अलेक्झांडर मॉरो, विल्यम हर्लबट आणि त्यांचे सहकारी यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर ब्लॅक विडोच्या विषग्रंथींचा अर्क सोडला. क्वचित उमटणाऱ्या त्या इवल्या उसळ्यांचा एकदम पाऊस सुरू झाला. सेकंदाला शेकडो. उसळीचं माप तेच, संख्या मात्र बेफाम. मग पाऊस हळूहळू ओसरला आणि थांबला. आता चेतातंतूला मुद्दाम चेतना दिली तरी स्नायू हलेना. तंतूचं ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तेव्हा पिशव्यांनी गच्च भरलेली जागा जवळजवळ रिकामी दिसली.

पुड्या सुटत होत्या तोवर पिशव्या होत्या, पिशव्या संपल्या तेव्हा पुड्याही थांबल्या. कॅट्झ यांच्या कल्पनेला इतका स्पष्ट आधार दुसऱ्या कशाने क्वचितच मिळाला असेल. ब्लेअर यांच्या अंगात तेव्हा काय घडलं असेल, तेही आता उलगडलं. मेंदूने हुकूम दिलेला नसताना चेतातंतूंची टोकं आपला साठा ओतत होती आणि स्नायू त्या खोट्या हुकमांनुसार आकसत होते. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतूही हेच करत होते, रक्तवाहिन्यांना आवळणारे तंतूही. म्हणून घाम, म्हणून चढलेला रक्तदाब, म्हणून कडक पोट. पोटाचा हा कडकपणा इतका फसवा असतो की अशा रुग्णाला अपेंडिक्स फुटल्याचा संशय येऊन शस्त्रक्रियेची तयारी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

१९७६ मध्ये या विषातला नेमका दोषी रेणू वेगळा केला गेला. त्याचं नाव अल्फा-लॅट्रोटॉक्सिन. विषांच्या जगात हे चांगलंच थोराड प्रथिन आहे. त्याचे चार रेणू एकत्र येतात, चौकट बांधतात, चेतातंतूच्या टोकाच्या आवरणात घुसतात आणि तिथे एक आरपार भोक तयार होतं. त्या भोकातून कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम आत आलं म्हणजे संदेश आला, एवढंच त्या पेशीला कळतं. ती इमानेइतबारे पिशव्या फोडत राहते. विषाने कुठलीही नवी गोष्ट केलेली नाही. पेशीला जी खूण आधीपासून माहीत होती, तीच खूण त्याने खोटी दिली.

मग पुढचा प्रश्न. शरीरात अब्जावधी पेशी असताना हे विष नेमकं चेतातंतूच्या टोकाशीच कसं जाऊन बसतं? तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी असलं पाहिजे. अमेरिकेत डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात थॉमस सुडॉफ यांच्या गटाने त्याचा माग काढला. लॅट्रोटॉक्सिनचाच गळ टाकून त्यांनी मेंदूच्या पेशींमधून ते प्रथिन ओढून काढलं. १९९२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव ठेवलं न्यूरेक्सिन. काही वर्षांतच विष धरून ठेवणारं दुसरं प्रथिनही सापडलं, त्याला लॅट्रोफिलिन म्हणतात.

न्यूरेक्सिन काही कोळ्याच्या विषाची वाट पाहत तिथे बसलेलं नाही. दोन चेतापेशींमधला जोड नीट जुळावा, योग्य पेशी योग्य पेशीशी बोलावी, यासाठी ते काम करतं. माणसाच्या शरीरात त्याची जनुकं तीन, पण ती वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचली जाऊन त्यांपासून हजारो रूपं बनू शकतात. यांतल्या एका जनुकाचा भाग गळालेला असला, तर स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनिया यांची शक्यता वाढते असं पुढे दिसून आलं. मेंदूची जडणघडण समजून घेणाऱ्या आजच्या संशोधनात हे प्रथिन फार मोलाचं आहे. त्याच्यापर्यंत जाणारी पहिली वाट एका जाळं विणणाऱ्या जिवाच्या विषग्रंथीतून गेली होती. पिशव्या फुटण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल सुडॉफ यांना २०१३ मध्ये जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आणि यातलं सगळ्यात थक्क करणारं सत्य वेगळंच आहे. ब्लॅक विडो मुख्यतः कीटक खाते, पण अल्फा-लॅट्रोटॉक्सिन कीटकांवर चालत नाही. ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठीच आहे. कीटकांसाठी तिच्या विषात त्याच घराण्यातले वेगळे रेणू आहेत, आणि खेकड्या-झिंग्यांच्या वर्गासाठी आणखी एक वेगळा. तिच्या चिवट जाळ्यात कधीकधी लहान पालीसुद्धा अडकतात. तेव्हा अल्फा-लॅट्रोटॉक्सिन उपयोगी पडतं, आणि उंदरासारखा शत्रू अंगावर आला तरीही. एका इवल्या ग्रंथीत निरनिराळ्या प्राणिवर्गांच्या चेतासंस्थांसाठी निरनिराळ्या किल्ल्या.

सिडनीचा नर

ब्लॅक विडोचं विष चेतातंतूच्या शेवटच्या टोकावर काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी परिसरात एक कोळी आहे, ज्याचं विष त्याच्या कितीतरी आधी, तंतूभर पसरलेल्या विजेच्या प्रवाहालाच हात घालतं. त्याला सिडनी फनेल-वेब म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस. ओलसर जागी बिळात तो राहतो आणि बिळाच्या तोंडाशी नरसाळ्याच्या आकाराचं रेशीम विणतो.

चेतातंतूमधली वीज म्हणजे सोडियमची धाव. तंतूच्या आवरणात सोडियमसाठी खास दारं असतात. विद्युतदाब बदलला की ती उघडतात, सोडियम आत जातं, आणि साधारण एका मिलिसेकंदात दारं आपोआप मिटतात. हे मिटणं उघडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्यामुळेच एक संदेश संपतो आणि दुसरा सुरू होऊ शकतो. फनेल-वेबच्या विषातला मुख्य रेणू, डेल्टा-हेक्साटॉक्सिन, दाराच्या त्या भागाला चिकटतो जो विद्युतदाब ओळखून मिटण्याची सूचना देतो. तो भाग अडकून पडला की दार वेळेवर मिटत नाही. दारावरच्या घंटेचं बटण आत रुतून बसावं आणि बोट काढल्यावरही घंटा वाजतच राहावी, तसा तो तंतू एका चेतनेला एक उत्तर देण्याऐवजी अखंड संदेश सोडत राहतो.

परिणाम काही मिनिटांत दिसू लागतात. ओठांना मुंग्या येतात, जिभेचे स्नायू आपोआप थरथरतात, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगभर घाम, अंगावर काटा. रक्तदाब एकदम चढतो, फुप्फुसांत पाणी भरतं. १९२७ ते १९८० या काळात या कोळ्याच्या चाव्याने १३ मृत्यू नोंदले गेले. ज्या प्रकरणांत कोळी ओळखता आला, त्यांत तो नर होता. नराचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल असतं. उन्हाळ्याच्या दिवसांत तो मादीच्या शोधात बीळ सोडून भटकतो आणि घरांत, बुटांत, अंगणात शिरतो.

यातली विलक्षण गोष्ट अशी की मोठ्या ससा-मांजर-कुत्र्यांना हे विष फारसं बाधत नाही. माणूस आणि माकडं मात्र त्याने दगावतात. ऑस्ट्रेलियात मूळची माकडं नाहीत, आणि माणूस तिथे पोहोचला त्याच्या कितीतरी आधीपासून हे कोळी तिथे आहेत. म्हणजे हे विष आपल्यासाठी घडलेलं असणं शक्यच नव्हतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचं पटण्याजोगं उत्तर दिलं. हा रेणू मुळात कीटकांविरुद्ध घडला, आणि बिळाबाहेर उघड्यावर फिरणाऱ्या नरांमध्ये तो पाठीचा कणा असलेल्या भक्षकांना पळवून लावण्यासाठी अधिक धारदार झाला. माणसाचं सोडियमचं दार त्याच्या तडाख्यात सापडलं, ते केवळ त्याची घडण मिळतीजुळती आहे म्हणून.

विषाला दाद न देणारा ससाच पुढे माणसाच्या मदतीला आला. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये डॉ. स्ट्रुअन सदरलँड अनेक वर्षं या विषावरचं प्रतिविष शोधत होते. सशांना विषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून अखेर ते बनलं. १९८१ पासून ते वापरात आहे, आणि तेव्हापासून सिडनी फनेल-वेबच्या चाव्याने एकही मृत्यू नोंदलेला नाही. त्यासाठी लागणारं विष आजही जिवंत नरांच्या दातांवरून काचेच्या बारीक नळीने थेंब थेंब शोषून घेतलं जातं. न्यू साउथ वेल्समधलं ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क हे काम करतं आणि लोक आपल्या घरी सापडलेले कोळी बरणीत घालून तिथे आणून देतात.

महाडचा विंचू आणि तेच दार

फनेल-वेबच्या लक्षणांची यादी वाचताना कोकणातल्या माणसाला ती कुठेतरी ऐकल्यासारखी वाटेल. भरपूर घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, आधी चढणारा रक्तदाब, मग फुप्फुसांत भरणारं पाणी. लाल विंचवाच्या दंशाचं हे चित्र आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून हेच टिपलं. विंचवाच्या विषातले मुख्य रेणू सोडियमच्या त्याच दारावर, मिटण्याची सूचना देणाऱ्या त्याच जागी बसतात. चेतातंतू बेलगाम होतात, त्यांतून सुटलेली रसायनं रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमून जातं. बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध यावर वापरलं आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे खाली आले. दाराशी बसलेलं विष उठवता आलं नाही, तरी त्याच्या परिणामाची साखळी पुढच्या कडीशी तोडता आली.

समुद्रातल्या काही समुद्रफुलांचं विषही हीच जागा धरतं. कोळी, विंचू आणि समुद्रफूल. यांतलं समुद्रफूल तर कोळ्या-विंचवांपासून वंशवृक्षावर अतिशय दूर आहे. तरीही प्रत्येकाच्या विषाने वेगवेगळ्या वाटेने येऊन दाराच्या त्याच बिजागरीवर बोट ठेवलं. कारण ते दार प्राणिसृष्टीत फार प्राचीन आहे. कीटकांच्या आणि आपल्या वाटा ५० कोटी वर्षांहून आधी वेगळ्या झाल्या, पण चेतातंतूमध्ये वीज वाहून नेण्याची रीत दोघांनीही जपली. झुरळासाठी घडलेल्या विषाचा माणसाच्या चेतातंतूवर परिणाम होतो, याचा अर्थ झुरळाचा आणि आपला एक पूर्वज या सोडियमच्या दारासह जगून गेला आहे.

मिरची आणि कोळी

आता एक वेगळं दार. मिरची जिभेला लागली की जी आग होते, ती चेतातंतूवरच्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनामुळे होते. हेच प्रथिन खरी उष्णताही ओळखतं, म्हणून मिरची आपल्याला ‘जाळते’. २००६ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाला वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादच्या एका टॅरँटुलाच्या विषात असे रेणू सापडले जे हेच दार उघडतात. वनस्पतीने फळ राखण्यासाठी जी युक्ती शोधली, तीच या कोळ्यानेही स्वतंत्रपणे शोधली. दोघांचा संदेश एकच आहे, पुन्हा इकडे येऊ नकोस. आणि तो पोहोचवण्यासाठी दोघांनी सस्तन प्राण्याच्या वेदनेची तीच तार निवडली.

पुढे चीनमधल्या एका टॅरँटुलाच्या विषात याच दारावर दोन्ही बाजूंनी घट्ट पकड घेणारा रेणू मिळाला. २०१३ मध्ये या प्रथिनाची अणू-अणूची रचना टिपताना त्या रेणूच्या मदतीने दार उघड्या अवस्थेत धरून ठेवलं, म्हणून उघडं दार कसं दिसतं हे पाहता आलं. ज्युलियस यांना २०२१चं नोबेल आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळालं.

कोळ्यांच्या विषातले असे बहुतेक रेणू लहान असतात, पण विलक्षण टणक. फनेल-वेबचा तो घातक रेणू फक्त ४२ अमिनो आम्लांचा आहे. गंधकाच्या दुव्यांनी त्याची साखळी स्वतःतच अशी गाठ मारून घेते की उष्णता, आम्ल, पाचक विकरं यांनाही ती सहजी सुटत नाही. ही गाठ तशीच ठेवून बाहेरची वळणं तेवढी बदलली की नवा रेणू, नवं दार. कोळ्यांनी कोट्यवधी वर्षांत असे असंख्य फेरफार केले आहेत.

विषातून औषध

दार नेमकं ओळखणारा रेणू हाती आला की ते बंद करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात ग्लेन किंग यांच्या गटाने क्गारी बेटावरच्या एका फनेल-वेबच्या विषातून एचआय-१ए नावाचा रेणू मिळवला. मेंदूचा रक्तपुरवठा खुंटला की पेशींभोवती आम्लता वाढते आणि त्यामुळे एक विशिष्ट दार उघडून पेशी मरू लागतात. हा रेणू ते दार उघडूच देत नाही. २०१७ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात पक्षाघातानंतर आठ तासांनी दिला तरी त्याने मेंदूच्या पेशी लक्षणीय प्रमाणात वाचवल्या. पुढे हृदयाच्या पेशींवरही असाच आशादायक परिणाम दिसला. माणसांसाठी हे औषध अजून सिद्ध व्हायचं आहे. पण ज्याच्या एका सग्याने माणसं मारली, त्याच घराण्यातल्या दुसऱ्याच्या विषातला रेणू मरणाऱ्या मेंदूपेशींना अडवून धरतो, ही गोष्ट मला अजूनही पुन:पुन्हा वाचावीशी वाटते.

आपल्याकडचे कोळी घाबरण्याजोगे नाहीत. जगात ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे, जवळजवळ सगळ्यांना विषग्रंथी आहेत, आणि माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती मोजक्याच. घराच्या कोपऱ्यातला कोळी आपल्या वाट्याला जात नाही. सापाच्या दंशाशी तर त्याची तुलनाच होऊ नये. पण आपल्या जंगलांतही चेता-स्नायूंची ही कथा सांगणारा जीव आहे. पश्चिम घाटातल्या झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया या प्रजातीचे टॅरँटुला, पायांवर पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या नक्षीचे. त्यांच्या सुंदर रंगांमुळे परदेशात हौशी लोक ते पाळतात आणि चावेही तिकडेच अधिक नोंदले गेले आहेत. मृत्यू येत नाही, पण अनेकांना काही तासांनी स्नायूंमध्ये जबरदस्त पेटके येतात आणि ते कित्येक दिवस पुन्हापुन्हा येत राहतात. इतके दिवस स्नायूंना कोण छळत राहतं, विषातला कोणता रेणू कुठलं दार धरून बसतो, हे अभ्यासण्यासारखं आहे, आणि हे कोळी आपल्या दाराशीच आहेत.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. याच प्रजातीतली निळ्या धातूसारखी झळाळणारी एक जात आंध्र प्रदेशातल्या जंगलाच्या एका लहानशा तुकड्यात आढळते आणि ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. जुनी झाडं तुटली, ढोल्या गेल्या की असे कोळी जातात. त्यांच्याबरोबर शेकडो रेणू जातात, जे घडवायला निसर्गाला कोट्यवधी वर्षं लागली आणि ज्यांतला एकेक आपल्या चेतासंस्थेतलं एखादं अनोळखी दार दाखवू शकला असता. ब्लॅक विडोने आपल्याला चेतातंतू स्नायूशी कसा बोलतो हे शिकवलं, फनेल-वेबने मेंदू वाचवण्याची एक वाट दाखवली. घाटातल्या आपल्या कोळ्यांचं विष अजून नीट वाचलेलंसुद्धा नाही. ते वाचायचं असेल तर आधी त्यांची झाडं उभी राहायला हवीत, आणि महाराष्ट्रातल्या तरुण संशोधकांनी त्या ढोल्यांकडे वळायला हवं.